डिझेलच्या टाकीतलं गोड पाणी

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकावंच लागतं, आणि जमिनीत पुरलेलं लोखंड तर ते पाणी खाऊनच टाकतं. नवरा गेल्यावर अकोट रोडवरचा आमचा पेट्रोल पंप मी चालवायला घेतला. बाईमाणसाला हे झेपंल का, असं विचारणारे रगड होते. त्यांना मी म्हणायची, आधी गाडीत तेल भरा अन् वाटेला लागा.

कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं, त्याच वर्षांत नवा नियम आला. जुन्या एकेरी पत्र्याच्या टाक्या उकरून काढा, दुहेरी भिंतीच्या बसवा, आणि जुनी टाकी कापूनच भंगारात द्या. बाकीचे पंपवाले कुरकुरले. मी नाही. रोज सकाळी टाकीत गज सोडून माप घेणारी मीच, आणि गजाला तळाशी पाणी लागायला लागलं होतं. म्हणजे टाकीला भोक पडलं होतं. आपलं डिझेल लोकांच्या मातीत मुरतंय हे कळूनही गप्प बसायला मी काय दगड आहे?

नवी टाकी बसली. जुनी पंपामागं आडवी पडून राहिली, कारण अकोल्याचा कापणारा मिस्त्री आज येतो, उद्या येतो करत होता. तेवढ्यात माझा धाकटा दीर आला. तो गावचा सरपंच. म्हणाला, गावाला टँकरचं गोड पाणी येतं पण साठवायला जागा नाही, टाकी गावाला द्या. मी साफ नाही म्हटलं. जे लोखंड इतकी वर्षं डिझेल प्यालं, ते धुऊन काय निघणार? झालं! गावात माझ्या नावानं शिमगा सुरू झाला. या बाईच्या काळजाला पाझर नाही म्हणे. माझ्याशी बोलणं टाकलं बायांनी. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण त्याहून जास्त संताप आला. ऐकावं जनाचं, करावं मनाचं.

शेवटी मिस्त्र्याला धरून आणायला मी स्वतः अकोल्याला, जठारपेठेत गेले. दोन दिवस त्याच्या दारात बसून परत येऊन बघते तर टाकी गायब! तशीच गावात गेले. टाकी पाराजवळ उभी. राखेनं अन् सोड्यानं घासलेली, आतून चुना मारलेला, भोकाला वेल्डिंग, खाली नळ. भडका उडाला नाही हे नशीबच. टँकर तिच्यात रिकामा होऊन गेला होता आणि बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या.

मी नळासमोर जाऊन उभी राहिले. "भाऊजी," म्हटलं, "पहिला गिलास तुमी प्या."

दीर माझ्यासारखाच हट्टी. गिलास भरला, सगळ्यांदेखत घटाघटा प्याला, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. लोक हसले, टाळ्या पिटल्या. माझी पार शोभा झाली, पण मी काही जागची हलले नाही.

रांगेत पहिली त्याचीच सून होती, सातवा महिना लागलेली. ती मला वळसा घालून पुढं आली आणि तिनं घागर नळाखाली धरली. तसा दीर खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "तू नको भरू, सूनबाई."

हळूच म्हणाला, पण रांगेनं ऐकलं. मागची एक म्हातारी पुढं आली. "तुह्या सुनेले चालत नाई," ती म्हणाली, "तं आमच्या लेकराईले कसं चालते रे?"

मी नळ पुरा सोडून दिला. एवढं गोड पाणी मातीत चाललेलं पाहून बाया रडल्या, मीही रडले. पण नळ बंद करायला एकीनंही हात पुढं केला नाही.