तिसऱ्या लाडवापर्यंत

थांबा थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. गॅसवर शिरा आहे, माझी बोटं तुपकट झालीत, फोन मनाला येईल ते टाइप करतोय, पण संध्याकाळपर्यंत धीर धरला तर अर्धी मजा जाईल. तर ऐका. अख्ख्या जगात एकच घर असं आहे जिथे सोहमच्या कॉलेजची फुटबॉल टीम आजवर एकही मॅच हरलेली नाही. बाहेर हरते. भरपूर हरते. टीव्हीवर हरते, पेपरात हरते, त्या कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवरसुद्धा हरते. पण फ्रीमाँटमधल्या या टाउनहाउसचं दार ओलांडून आत आली की जिंकते म्हणजे जिंकतेच. हे घर माझ्या घरमालकीण काकूंचं. त्यांच्या खालच्या खोलीत मी तीन वर्षं राहतेय आणि असला प्रकार मी अकोल्यात, पुण्यात, कुठेच बघितलेला नाही.

सोहम म्हणजे काकूंचा एकुलता एक मुलगा. तो कॉलेजात असताना टीममध्ये होता, त्याला आता नऊ वर्षं झाली, पण काकूंची भक्ती चालूच आहे. आणि फुटबॉल म्हणजे आपला नाही हां, इथला अमेरिकन, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडतात तो. काकू मॅच लाइव्ह बघत नाहीत. शनिवारी रेकॉर्ड करतात आणि रविवारी सकाळी आंघोळ, पूजा आटोपून बघतात. निकाल मी आधी फोनवर बघून ठेवायचा, पण सांगायचा नाही. फक्त कुठे थांबायचं ते सांगायचं. म्हणजे आपली टीम शेवटची जिथे पुढे होती, तिथे मी म्हणायचं, "काकू, बास." काकू रिमोट दाबतात, टीव्हीला नमस्कार करतात आणि शिरा टाकतात. जिंकलो. झालं. मी दिवसभर ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरी येऊन एका अख्ख्या टीमच्या चुका लपवते. एकदा तर आपले लोक पहिल्याच मिनिटाला मागे पडले आणि शेवटपर्यंत मागेच. मला काही कळेना कुठे बास म्हणू. काकूंनी माझा चेहरा बघितला आणि राष्ट्रगीत संपल्या संपल्या टीव्ही बंद केला. म्हणाल्या, "आत्ता झीरो-झीरो आहे ना? मग हरलो कुठे?" त्या दिवशी शिऱ्यात केळं पण घातलं होतं.

आता तुम्हाला वाटेल बाई भोळी आहे, तर अजिबात नाही. काकूंना या खेळाचे नियम रेफरीपेक्षा जास्त येतात. खेळात कोणी चूक केली की रेफरी पिवळा रुमाल फेकतात, हे त्यांना इतकं आवडलं की घरात कायम एक पिवळा नॅपकिन कमरेला खोचलेला असतो. मी दुधाचं पातेलं उघडं ठेवलं, नॅपकिन जमिनीवर. ओल्या पायांनी हॉलमध्ये आले, नॅपकिन जमिनीवर. आणि नुसता फेकून थांबत नाहीत, शिक्षा पण असते, दहा यार्ड मागे, म्हणजे मी पुन्हा जिन्याच्या खाली जाऊन परत वर यायचं. मागच्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात एका गृहस्थांचं आभारप्रदर्शन संपेचना, तेव्हा तिसऱ्या रांगेतून काहीतरी पिवळं उडत गेलं आणि थेट माइकवर अडकलं. गृहस्थ थांबले. टाळ्या इतक्या पडल्या की त्यांना वाटलं भाषण आवडलं.

टीव्हीशी पण भांडतात. सोहमच्या जुन्या मॅचेस लावल्या की कॉमेंटेटर त्याला सो-हॅम म्हणतो. हॅम म्हणजे डुकराचं मांस, आणि काकू पक्क्या शाकाहारी. नऊ वर्षं झाली तरी प्रत्येक वेळी सोफ्यावरून ओरडतात, "हॅम नाही रे मेल्या, हम."

सोहम टीममध्ये किकर होता. म्हणजे बाकीचे तासभर धक्काबुक्की करतात आणि मग हा बारीकसा मुलगा धावत येतो, बॉलला लाथ मारतो, बॉल दोन उंच खांबांच्या मधून गेला की तीन पॉईंट, आणि हा परत जाऊन बाकावर बसतो. काकूंच्या मते हेच खरं काम, बाकी सगळी गर्दी. सोहम बारा वर्षांचा असताना काका गेले. त्यानंतर रोज ऑफिस सुटल्यावर काकू त्याला पार्कात घेऊन जायच्या. किकरसाठी बॉल उभा धरायला एक माणूस लागतो, तो माणूस म्हणजे काकू. सलवार-कमीज, पायात चपला, गवतात गुडघा टेकून, एका बोटाने बॉल धरलेला. उजव्या हाताचं ते बोट अजून वाकडं आहे, कारण एकदा बॉल चुकला आणि बोट सापडलं. पोळी लाटताना ते बोट वेगळंच वर राहतं. कोणी विचारलं तर अभिमानाने सांगतात, "फुटबॉल इंज्युरी."

आणि एवढं असून सोहम आईबरोबर एकही मॅच बघत नाही. तो लांब दुसऱ्या राज्यात, बेलव्ह्यूला असतो, फिजिओथेरपिस्ट आहे. येतो तो बरोब्बर सीझन संपल्यावर, आणि नवीन सीझनच्या आधी गायब. कारण सगळ्यांना माहीत आहे पण कोणी बोलत नाही. शेवटच्या वर्षी, दुसऱ्या टीमच्या गावात मॅच होती. आपण दोन पॉईंटने मागे, घड्याळात तीन सेकंद, आणि सोहमची किक. गेली तर आपण जिंकलो. नाही गेली. बॉल उजव्या खांबाला लागला आणि बाहेर. त्यानंतर त्याने बॉलला पाय लावला नाही.

ती मॅच काकूंच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये आहे. दर दोन-तीन महिन्यांनी बघतात. पूर्ण तीन तास. तिथे मला बास म्हणायची गरज नसते. सोहम मैदानात येतो, हेल्मेट नीट करतो, मान वर करून खांबांकडे बघतो, आणि काकू टीव्ही बंद करतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं यार. मला वाटलं, आई आहे, पुढचं बघवत नाही.

तर गेल्या सोमवारी तो रेकॉर्डर घरघर करायला लागला. मधेच बंद पडायचा, चापट मारली की चालू. काकूंनी त्याच्यावर अंगारा लावला. मी यूट्यूब बघून स्क्रू काढले आणि एक उरला. शेवटी काकूंना न सांगता सोहमला मेसेज केला की रेकॉर्डर शेवटच्या घटका मोजतोय आणि त्यात तुझी ती मॅच आहे. त्याचं उत्तर आलं, "लेट इट डाय." मग दहा मिनिटांनी विचारतो, आई ती मॅच बघते? मी म्हटलं, बघते, तीन सेकंद सोडून. आणि काल, शनिवारी, सकाळी नऊ वाजता दारात हा उभा. भर सीझनमध्ये. हातात एक वायर.

काकूंनी आधी त्याला बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि कमरेचा नॅपकिन काढून माझ्या पायाशी टाकला. पण डोळे हसत होते.

वायरीचं असं होतं की एक टोक रेकॉर्डरला, दुसरं लॅपटॉपला, आणि मॅच जशी चालेल तशी ती कॉपी होणार. पुढे पळवता येत नाही, मध्ये थांबवता येत नाही. तो लॅपटॉपकडे बघत बसला, टीव्हीकडे पाठ करून. काकू सोफ्यावर. मी मध्ये, हातात पोह्यांची बशी, श्वास घेऊ की नको अशी. तीन तासांत एकदाच कॉमेंटेटर सो-हॅम म्हणाला आणि आई आणि मुलगा एकाच वेळी म्हणाले, "हम." शेवटी घड्याळात तीन सेकंद उरले. टीव्हीतला बावीस वर्षांचा सोहम मैदानात आला, हेल्मेट नीट केलं, मान वर केली. काकूंनी रिमोट उचलला.

"आई, डोंट. फाईल करप्ट होईल."

"एवढीच पुरे आहे मला."

"पूर्ण होऊ दे ना. मी एवढ्या लांबून आलोय."

काकूंनी रिमोट ठेवला आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेल्या. आणि इथे सोहम वळला. नऊ वर्षांत पहिल्यांदा. टीव्हीत बॉल उडाला. टण्ण असा आवाज आला, अगदी आपल्या पातेल्यावर कोणी डाव मारावा तसा, आणि अख्खं स्टेडियम गर्जलं. दुसऱ्या टीमचं गाव ते, लाल कपड्यांचा नुसता समुद्र, सगळे उड्या मारताहेत. कॅमेरा त्या गर्दीवरून फिरला, फिरला आणि एकदम थांबला. कारण त्या सगळ्या लाल रंगात एकच बाई निळी. हिरव्या साडीवर सोहमच्या नंबरची निळी जर्सी, हातात स्टीलचा डबा, आणि ती जागेवर नाचतेय. सगळ्यांपेक्षा उंच नाचतेय. तिने डब्यातून लाडू काढला आणि शेजारच्या लाल रंगाने तोंड माखलेल्या धिप्पाड माणसाला दिला. त्याने अख्खा तोंडात टाकला. मग तिने त्याच्या बायकोला दिला. मग मागच्या म्हाताऱ्याला दिला. धिप्पाड माणसाने तिला मिठी मारून उचललं. कॉमेंटेटरला हसू आवरेना.

मी सोहमकडे बघितलं. सोहम स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होता. काकू दारात उभ्या, नॅपकिनला पीळ घालत.

"आई. हे काय आहे?"

"तो माणूस चांगला होता स्वभावाने," काकू म्हणाल्या.

मग हळूहळू बाहेर आलं. काकूंचं तिकीट चुकून दुसऱ्या टीमच्या लोकांत आलं होतं. किकच्या वेळी त्या डोळे मिटून एकवीस वेळा गणपतीचं नाव घेतात, मध्ये उघडायचे नाहीत, तसा नेमच आहे. अठराव्या वेळी गर्जना झाली. तोवर घरच्याच मैदानावर मॅच बघितलेल्या, तिथे गर्जना झाली म्हणजे आपला बॉल आत गेला. काकूंनी उरलेले तीन गणपती घाईघाईत उरकले, डोळे उघडले, सगळे नाचताना दिसले, आणि डबा उघडला.

"माझं लेकरू खाली मान घालून उभं होतं रे, आणि मी वर लाडू वाटत होते," काकू म्हणाल्या. "लाल दिवा लागलेला कॅमेरा समोर दिसला होता मला. कोणाला सांगू हे?"

"मला वाटलं तुला माझी लाज वाटते. म्हणून तू बंद करतेस."

"तुझी? तुझी कशाला? वाऱ्याने गेला तो बॉल. आणि धरायला मी नव्हते."

सोहमचे खांदे हलायला लागले, मला वाटलं रडतोय, तर हसत होता. त्याने विचारलं, "सो, बसमध्ये बसण्याआधी मी लाडू मागितला, तेव्हा तू म्हणालीस डबा स्टेडियममध्ये राहिला."

"राहिलाच होता. रिकामा. त्या माणसाने डबासुद्धा परत दिला नाही."

"म्हणजे तुझ्यासाठी माझी किक आत गेली होती."

काकूंनी जरा विचार केला. अगदी प्रामाणिकपणे, बोटांवर मोजून. "तिसऱ्या लाडवापर्यंत आतच होती," त्या म्हणाल्या. "चौथा हातात घेतला तेव्हा तू दिसलास."

यार, काय सांगू. त्याने ते गर्दीचं दृश्य अकरा वेळा मागे नेऊन लावलं. किक नाही, फक्त लाडू. दहाव्या वेळी त्या धिप्पाड माणसासाठी टाळ्या वाजवल्या आम्ही. दुपारी आपल्या टीमची लाइव्ह मॅच होती, ती सोहमने लावली, काकू शेजारी बसल्या, आणि आम्ही सणकून हरलो, अगदी शेवटच्या सेकंदापर्यंत, डोळे उघडे ठेवून. कोणी बास म्हटलं नाही. इतक्या आनंदात मी आयुष्यात कुठली मॅच हरलेली नाही. मग दोघं अंगणात गेले. काकूंनी गुडघ्यावर हात ठेवत, कुरकुरत, गवतात गुडघा टेकला, वाकड्या बोटाने बॉल धरला, आणि सोहमने इतक्या हळू किक मारली की बॉल कुंपणापर्यंतसुद्धा गेला नाही. काकू म्हणाल्या, "आत."

आज सकाळी तो परत गेला. बॅगेत बेसनाचे लाडू, नवीन डबा, आणि डबा परत आणायची सक्त ताकीद. पुढच्या मॅचला येतो म्हणालाय. काकूंनी मला शिरा करायला लावला, मी म्हटलं काकू, काल तर आपण हरलो, तर म्हणाल्या हरलो तर हरलो, रव्याने काय पाप केलंय. रेकॉर्डर दुपारी भंगारात जाईल. त्यावरचा अंगारा त्यांनी पुसला नाही, नुसता हात फिरवला. पुढच्या रविवारपासून बास म्हणायला मी लागणार नाही, हे आत्ता रवा हलवताना लक्षात आलं. त्या खोट्या-खोट्या जिंकलेल्या मॅचेस बघताना सकाळचं ऊन त्या सोफ्यावर कसं पडायचं, ते मला आठवत राहणार आहे.

असं तुमचं कधी झालंय का हो? सगळं जग हरलं म्हणून बसलंय आणि तुम्हाला अजून कळलेलंच नाही, तुम्ही लाडू वाटताय? किती लाडवांपर्यंत टिकलं होतं ते, तेवढं मला सांगा.