तीन गाठींची पुडी

माझी वहिनी झाडपाल्याच्या औषधांचं दुकान चालवते. दुकान मूळचं माझ्या आईचं. मला त्यात रस नव्हता आणि माझ्या भावाला भुकटीच्या वासाने शिंका येतात, त्यामुळे ते नव्या सुनेच्या गळ्यात पडलं असं आम्ही म्हणायचो. वहिनी म्हणायची, "पडलं कसलं, मी हिसकावून घेतलं." खरं तिचंच होतं. वर्षभरात तिने आईला गल्ल्यावरून उठवून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं आणि आईसुद्धा, जी कुणाचं ऐकायची नाही, मुकाट बसली.

रस्त्याकडच्या दाराने खोकला, पित्त, सांधेदुखीवाले येत. बायका मात्र मागच्या बोळातून येत. तिथे एक पडदा, आत स्टूल, आणि स्टुलावर बसलं की हळू बोलायचं. बायकांच्या पुडीवर नाव लिहायचं नाही, ही आईने घातलेली रीत. घरात कुणी वाचलं तर नसती पंचाईत. त्याऐवजी दोऱ्याला गाठी मारायच्या. एक गाठ म्हणजे शतावरी, गरोदर बाईसाठी आणि बाळंतिणीसाठी. दोन गाठी म्हणजे लोध्राची साल, अंगावरून पांढरं जात असेल तर. तीन गाठी म्हणजे कपाशीच्या मुळीची साल, अडलेली पाळी मोकळी करायला. गर्भ असेल तर ती त्याच्या मुळावर येऊ शकते, म्हणून ती देताना वहिनी उलटसुलट प्रश्न विचारायची. बायका मात्र हवं तेच उत्तर द्यायच्या. मला ही सगळी लपवाछपवी कधीच आवडली नाही आणि मी ते बोलूनही दाखवायचे. वहिनी म्हणायची, "तुला काय जातंय बोलायला? तू एकटी राहतेस."

आमच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्यांचं घर आहे. सासू, दोन मुलगे, दोन सुना. धाकटीला बरीच वर्षं वाट पाहून दिवस राहिले होते आणि सासू तिला जमिनीवर पाय ठेवू देत नव्हती. मोठीला तीन मुलं. दिवसभर ती कोळशाच्या इस्त्रीपुढे उभी असायची. एकाच आठवड्यात धाकटीने एका गाठीची पुडी नेली आणि मोठीने, पडदा नीट लावून घेऊन, तीन गाठींची.

सासूबाईंना दोन्ही पुड्या स्वयंपाकघरात सापडल्या. त्यांनी त्या सोडल्या, हुंगल्या, काही कळलं नाही, आणि परत बांधल्या. बांधल्या कशा, तर इस्त्रीच्या कपड्यांच्या गाठोड्याला बांधतात तशा. एकच गाठ, करकचून. दुसऱ्या दिवशी धाकटीने एक गाठ बघून पुडी उचलली आणि काढा उकळून प्यायली.

दुपारी तिचा नवरा धापा टाकत दुकानात आला. "काकू, तुमचा काढा घेतला आणि हिला रक्त जायला लागलंय!" उरलेली पुडी त्याच्या मुठीत होती. वहिनीने साल बोटांत धरली आणि तिचा चेहरा उतरला. गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून तिने शटर ओढलं आणि रिक्षात बसली. मी पाठोपाठ.

दवाखान्यात सासूबाई डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या, "काही घेतलं नाही हो हिने, पाय घसरला फक्त." वहिनी सरळ आत घुसली.

"कपाशीच्या मुळीची साल. सकाळी, कपभर काढा. ही बघा."

"हे असलं तुम्ही विकता?"

"विकते. तुम्ही आधी हिला बघा, मला मग हवं तेवढं बोला."

डॉक्टरीणबाईंनी आधी तिला बघितलं आणि मग खरंच हवं तेवढं बोलल्या. हे असं पोटात घेणं बाईच्याही जिवावर बेतू शकतं, डोस कुणाला माहीत नसतो, किती सोसेल ते कळत नाही. वहिनी मान खाली घालून ऐकत होती. तिला असं ऐकून घेताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

बाहेर बाकड्यावर सासूबाईंनी तिला धरलं. "ही साल माझ्या घरात आलीच कशी? कुणाची पुडी होती?"

मोठी सून भिंतीला टेकून उभी होती. हातातला थर्मास तिने छातीशी धरला होता. वहिनीने तिच्याकडे चुकूनही बघितलं नाही.

"माझी चूक. मीच चुकीची पुडी बांधली."

मी तोंड उघडलं. वहिनीने माझा दंड असा दाबला की वळ उठला.

धाकटीचं रक्त थांबलं. गर्भ टिकला. रक्त सालीमुळेच गेलं की आपोआप, हे डॉक्टरीणबाईंनाही छातीठोकपणे सांगता आलं नाही. पण गल्लीला कशाला हवा डॉक्टरांचा निर्वाळा? पोटातलं पोर मारायला निघालेली बाई, असं वहिनीचं नाव झालं. मागच्या दाराचं स्टूल रिकामं राहायला लागलं. मी रोज तिचं डोकं खात होते, खरं सांग म्हणून. मला संताप यायचा तिचा, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटायचा.

"तिने पडद्याआड सांगितलेलं मी रस्त्यावर सांगू?" वहिनी म्हणाली. "दुकान बुडलं तर बुडू दे. शिवणकाम येतं मला."

त्या सालीची बरणी तिने गटारात रिकामी केली. उरलेल्या प्रत्येक पुडीवर ती ठसठशीत अक्षरात नाव लिहायला लागली. एक म्हातारी कुरकुरली, तर म्हणाली, "आजी, लाज परवडली, ही धास्ती नाही परवडत."

मोठी एकदा बोळातून आली. साल पुन्हा हवी होती. वहिनी म्हणाली, "ती आता मिळणार नाही. डॉक्टरीणबाईंकडे चल, मी येते तुझ्याबरोबर." मोठी पडदा सारून निघून गेली.

मग एका सकाळी सासूबाई दुकानासमोर उभ्या राहिल्या. नवीन गिऱ्हाईक आत येत होतं, त्याला त्या अडवत होत्या. "इथून घेऊ नका. माझ्या सुनेला विष दिलं हिने." मागे मोठी सून, डोक्यावर कपड्यांचं गाठोडं. वहिनी आत हिरडा तोलत होती. तिने तोलणं थांबवलं नाही.

मोठीने गाठोडं रस्त्यावरच उतरवलं.

"आई, पुडी माझी होती."

सासूबाई वळल्या. "काय म्हणालीस?"

"माझी. तीन गाठी होत्या, तुम्ही सोडून एक केलीत. यांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं सगळं."

"तुला कशाला लागते असली मुळी?"

"कारण मला चौथं नको होतं. आणि माझा काढा धाकटी प्यायली, त्यामुळे अजून आहे ते." तिने पोटावर हात ठेवला नाही की काही नाही, कमरेवर ठेवला, भांडणाला उभी राहते तसा. "इतके दिवस इस्त्रीपुढे उभी आहे, तुम्हाला कुणाला दिसलं नाही."

सासूबाईंचा चेहरा एकदम म्हातारा दिसला. त्या हळूच म्हणाल्या, "घरी चल. घरी बोलू."

"घरी येईन. ठेवायचं की नाही ते मी ठरवणार, पण आधी डॉक्टरीणबाईंना विचारून."

वहिनीने तराजू खाली ठेवला, गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगितलं आणि चपला घातल्या. गाठोडं रस्त्यातच पडलं होतं. सासूबाईंनी वाकून ते स्वतःच्या डोक्यावर घेतलं.