तिखटाचा बत्ता आणि दोन दांड्यांचं कॉकपिट

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि बाभुळगावकडच्या आमच्या गावातून विमान उडवायला गेलेलाही मीच पहिला. हे सांगताना मला संकोच वाटत नाही; घरच्यांनी त्यासाठी फार केलं. पण साठच्या दशकात हवाई दलानं मला शिक्षक-वैमानिकाच्या अभ्यासक्रमाला पाठवलं, तेव्हा कळलं की उडवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं.

खरं विमान आणि खरा शिकाऊ मिळण्याआधी सगळी तयारी जमिनीवर चाले. सकाळी वर्गात फळ्यापुढे धडा द्यायचा. दुपारी शेडमधल्या नकली कॉकपिटमध्ये तोच धडा हातानं करायचा आणि तोंडानं सांगत राहायचा. तिथं एकामागे एक अशी दोन आसनं होती. दोन्हींपुढे विमान वळवायचा एकेक दांडा, आतून एकमेकांना जोडलेला. पुढे शिकाऊच्या जागी आमचे परीक्षक बसत, मागे मी. दांडा सोपवताना मी म्हणायचं, "यू हॅव कंट्रोल." त्यांनी उत्तर द्यायचं, "आय हॅव कंट्रोल." ते कानावर पडेपर्यंत हात सोडायचा नाही.

मी मात्र बोलता बोलताच हात काढून घ्यायचो. का, ते मलाच कळत नव्हतं. परीक्षक दर वेळी खडसावत, "आत्ता विमान कोणाच्या हातात होतं?" सुट्टीनंतर शेवटची चाचणी होती. तीत नापास झालो तर शिक्षक होणं विसरायचं आणि मुकाट जुन्या तुकडीत परत जायचं.

सुट्टीत घरी आलो आणि अंगणातल्या खाटेचंच कॉकपिट केलं. थोरली वहिनी शिकाऊ झाली. दांडा म्हणून तिनं खलबत्त्यातला बत्ता आणला. नुकतंच तिखट कुटलेलं. मला शिंकांवर शिंका.

"काहून भाऊजी, सरकार तुमाले शिंकायचाच पगार देते काय?"

नाक पुसत मी धडा सांगितला. वळण पूर्ण झालं आणि म्हणालो, "वहिनी, आता बत्ता मले द्या."

तिनं तो खाटेवर ठेवला.

"हातात द्या ना!"

"तिखटाचं हातोहात कायले देऊ? भांडण लागन आपलं. ठेवला, आता उचला तुमी."

मी त्या बत्त्याकडे बघतच राहिलो. आमच्या घरात मीठ, तिखट, विळा कोणी कोणाच्या हातात देत नाही. एकानं खाली ठेवायचं, दुसऱ्यानं उचलायचं. माझा हात लहानपणापासून हेच शिकलेला. कॉकपिटमध्येही तो तेच करत होता. फक्त हवेत खाली ठेवायला जागा नसते.

"वहिनी, असं केलं त मधात विमान पडते."

"खाटेवरून पडून किती लागन?"

चुलीपाशी बसलेली आई ओरडली, "पोराची परीक्षा हाय अन् तुले मस्करी सुचून राह्यली! दे त्याच्या हातात. भांडले त मी हाव सोडवाले." हातोहात द्यायचं नाही हा नियम घरात सगळ्यांत कडक पाळायची ती आईच.

मग वहिनीनं बत्ता असा घट्ट धरला, की मी तोंडानं "घेतला" म्हटल्याशिवाय ती सोडेच ना. मी विसरलो की मला ओढून खाटेवर पाडायची. मग पाळी उलटायची: ती "घेतला" म्हणेपर्यंत मी बत्ता सोडायचा नाही. सुट्टी संपेपर्यंत माझे हात तिखटानं चुरचुरत होते आणि आमचं एकदाही भांडण झालं नाही.

चाचणीच्या दिवशी नकली कॉकपिटमध्ये धडा नीट चालला. मी म्हणालो, "यू हॅव कंट्रोल." समोरून आवाजच नाही. परीक्षक मुद्दाम गप्प बसले होते. हात सोडायला शिवशिवला, पण मी दांडा धरून ठेवला आणि तेच वाक्य पुन्हा म्हणालो. तरी शांतता. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा उत्तर आलं, "आय हॅव कंट्रोल." मग सोडला.

परीक्षक मागे वळले. "मी बोललोच नसतो तर?"

"तर सर, मी दांडा सोडला नसता आणि आपण दोघं जेवायला मुकलो असतो."

ते हसले आणि म्हणाले, "उद्यापासून खरं विमान."