गच्चीवरची लुंगी

रावसाहेब मेश्राम नोकरीभर कोणावर ओरडले नाहीत. सरकारी क्वार्टरमध्ये नळ गळला, भिंत ओलावली, तरी ते खालच्या आवाजात तक्रार द्यायचे आणि माणूस येईपर्यंत वाट पाहायचे. निवृत्तीनंतर ग्रेटर नोएडात स्वतःचं घर झालं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते भर गल्लीत ओरडले.

शेजारी अशोक चौधरी. दोन्ही घरांत एकच भिंत. तिला ओल चढली होती, रंगाचे पापुद्रे सुटत होते. "आपका पाइप लीक है, चौधरीजी! मेरा नया घर सड़ रहा है!" येणारीजाणारी माणसं थांबली. आपल्या आवाजालाही वजन आहे, हे रावसाहेबांना तेव्हा कळलं. ते त्यांना आवडलंही.

चौधरी उलटून बोलले नाहीत. त्यांनी प्लंबर बोलावला, न्हाणीघराची फरशी फोडून घेतली. त्या भिंतीलगत त्यांच्या दमेकरी आईचा पलंग होता, तो बैठकीत हलवला. ओल वाढतच राहिली.

रविवारी ते दारात आले. "मेश्रामजी, एक बार आपकी छत देख लें?"

"देखिए ना, बिल्कुल!"

पाऊस लागल्यापासून रावसाहेब गच्चीवर गेलेच नव्हते. क्वार्टरची गच्ची कधी कोणा एकाची नसायची. त्यांनी दार उघडलं, तर घोट्यापर्यंत पाणी. हिरवं, शेवाळलेलं.

चौधरींनी पँट वर दुमडली, कोपऱ्यात जाऊन पाइपाच्या तोंडात हात घातला आणि ओढलं. निळ्या चौकड्यांची लुंगी बाहेर आली. पाणी घरघरत खाली निघालं.

मे महिन्यात खालची खोली गार राहावी म्हणून गच्चीवर पाणी तुंबवलं होतं. लुंगीचा बोळा स्वतःच्याच हाताने कोंबला होता. रावसाहेबांना सगळं आठवलं, आणि तरीही तोंडातून निघालं, "कबूतर... कबूतर ले आए होंगे."

मागे त्यांच्या पत्नी लीलाबाई उभ्या होत्या. "अहो, कबुतरं कधीपासून लुंगी नेसायला लागली?"

चौधरींना मराठी येत नव्हती, पण तेवढं कळलं. हसले मात्र नाहीत. लुंगी पिळून त्यांनी कठड्यावर नीट वाळत घातली. "हो जाता है, मेश्रामजी."

त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. रावसाहेब त्यांच्या हातांना लागलेल्या शेवाळाकडे बघत राहिले. त्या हातांवर पाणी घालायचंही त्यांना सुचलं नाही.

संध्याकाळी गल्लीत नेहमीची माणसं बसली होती. रावसाहेब खाली उतरले, त्या दिवशी जिथे ओरडले होते तिथेच उभे राहिले. "पाइप चौधरीजी का नहीं था. गलती मेरी छत की थी... मेरी थी."

आवाज क्वार्टरमधलाच निघाला, तक्रार देतानाचा.

"क्या बोले अंकल? सुनाई नहीं दिया."

चौधरींच्या बैठकीची खिडकी उघडी होती. आत म्हातारीला खोकल्याची उबळ आली होती. रावसाहेब ती ओसरेपर्यंत थांबले. मग तेच पुन्हा म्हणाले, या वेळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.