पाय माझे, डोळे भाऊजींचे

आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्हींचा राजकारणाशी काही संबंध नाही. एका पोरीने कंदील घेऊन अरुंद गुहेतूनच जावं, असं म्हणणारा एक पक्ष. त्यात मी एकटी. तिला मोकळ्या रानात वाटेल तिथे फिरू द्यावं, असं म्हणणारा दुसरा. त्यात माझे धाकटे दीर. बाकी सगळे मध्यममार्गी, म्हणजे वाद सुरू झाला की चहाचा कप उचलून दुसऱ्या खोलीत जाणारे.

पोरगी खरी नाही, व्हिडिओ गेममधली आहे. जमिनीखाली गाडलं गेलेलं एक शहर ती शोधते आहे. माझ्या लग्नाला जितकी वर्षं झाली, जवळजवळ तितकीच वर्षं शोधते आहे. मधूनमधून नवा भाग येतो, पोरीचे कपडे बदलतात, शहर काही सापडत नाही. माझ्या वयाच्या बायका गुडघ्यांबद्दल बोलतात. मीही बोलते, पण तिच्या.

मी लग्न होऊन वर्ध्याहून रायपूरला आले तेव्हा राज्य नुकतंच झालं होतं आणि रायपूर नुकतंच राजधानी. आम्हा दोघांची अवस्था सारखीच होती: मानपान वाढलेला, अंगावर सगळं नवं, आणि कोणी काही विचारलं की गोंधळ. रोज कुठल्यातरी जुन्या इमारतीवर नवी पाटी चढत होती. शंकर नगरातल्या आमच्या गच्चीवर मी सकाळी साड्या वाळत घालायची आणि दुपारी त्या काढायला गेले की सिलतऱ्याच्या कारखान्यांची काळी भुकटी त्यांच्यावर काजळासारखी बसलेली असायची. बोटाने पुसली तर आणखी पसरायची. मी तिथे उभी राहून बोटाकडे बघत बसायची. दुसरं काम नव्हतं.

नवरा ऑफिसला. सासूबाई जेवण झालं की कूलरसमोर आडव्या. त्या प्रेमळ होत्या, पण त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. 'मीठ बरोबर आहे का' आणि 'दूध उतू गेलं' एवढ्या दोन विषयांवर मी पहिले महिने काढले. माहेरी मला बडबडी म्हणत. इथे माझा आवाज मलाच आठवेनासा झाला होता.

भाऊजी तेव्हा कॉलेजात होते. गुढियारीत मित्राच्या गोदामापुढे स्कूटर घसरून ते पोत्यांवर न पडता पोत्यांच्या शेजारी पडले आणि डावा हात प्लॅस्टरमध्ये घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं.

"वहिनी, फुरसत आहे का?"

"काहून?"

"एक हात पाहिजे होता."

संगणकावर तो खेळ दोन हातांनी खेळायचा असे. उजव्या हातात माउस, त्याने पोरगी मान वळवून बघायची. डावा हात कीबोर्डवर, त्याने ती चालायची, उडी मारायची. भाऊजींचा उजवा शाबूत होता, डावा गळ्यात होता. म्हणून पोरीचे डोळे त्यांच्याकडे राहिले आणि पाय माझ्याकडे आले.

त्या दुपारी अजून माझ्या स्वप्नात येतात. खिडकीला गडद पडदा, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, खोलीत फक्त पडद्यावरच्या गुहेचा निळसर उजेड. पोरीच्या हातात कंदील, उजेड वीतभर. पुढे काय आहे ते दिसायचं नाही. नुसतं पाणी ठिबकल्याचं ऐकू यायचं, आणि ते गुहेतलं पाणी की कूलरचं, हे मला कधीच कळलं नाही. मी बटण दाबायची आणि कोणीतरी पाऊल टाकायचं. हळूहळू असं झालं, की संध्याकाळी घरातल्या अंधाऱ्या बोळातून देवघराकडे जाताना माझी बोटं आपोआप हलायची. चार पावलं सरळ, मग उंबरा, उडी.

एकदा पोरगी खांबावर उभी होती आणि वरून काहीतरी घरंगळत येत होतं.

"भाऊजी, वर पाहा! वर पाहा म्हणते ना मी, कुठं पाहून राहिले तुम्ही!"

मी ओरडले होते. पदर खांद्यावरून खाली, आवाज माहेरचा. सासूबाई धडपडत दारात आल्या.

"काय झालं बाप्पा?"

"आई, पोरगी विहिरीत पडली," भाऊजी म्हणाले.

"कोणाची?"

आम्ही दोघं इतके हसलो, की त्या आधी घाबरल्या, मग रागावल्या आणि मग खुर्ची ओढून बसल्याच. पोरगी पुन्हा पडली. "दोघं जण मिळून एक पोरगी सांभाळता येत नाही तुम्हाले," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून जेवताना त्या विचारायच्या, "आज कुठवर पोचली?" मी सांगायची. सांगता सांगता दुसरंही सांगायची. वर्ध्याचं, कॉलेजचं, बाबांचं. त्या घरात मी बोलायला लागले ती अशी.

प्लॅस्टर निघालं. भाऊजींनी माउस धरला आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. तो खेळ एकट्याचा आहे हे मला माहीत होतं, पण भात एकट्याने खाता येतो म्हणून कोणी एकट्याने खातं का?

पुढे भाऊजी नोकरीला बंगळूरला गेले, तिकडचेच झाले. नवे भाग येत राहिले, ते तिकडे आणि मी इकडे आपापल्या संगणकावर जमेल तसे खेळत राहिलो, आणि आमचे फोन होत राहिले. मग तो भाग आला, ज्याने जगभरातले भक्त दुभंगले. गुहा गेल्या. वीतभर उजेड गेला. आता मैलोनमैल रान, डोंगर, नद्या, आणि पोरीने जावं वाटेल तिकडे. जुने भक्त म्हणाले, खेळाचा आत्मा गेला. नवे म्हणाले, खेळाला श्वास मिळाला. मी त्या भांडणांतलं सगळं वाचत असे, भाजी करपेपर्यंत.

आमच्या घरी हे भांडण नव्या रायपूरच्या नावाने चालायचं. तोवर नवऱ्याचं ऑफिस शहराबाहेर वसवलेल्या त्या नव्या राजधानीत हललं होतं.

"तुमचा नवा भाग म्हणजे नवा रायपूर," मी फोनवर म्हणायची. "रस्ते हे एवढाले, आणि जायचं कुठं, तर कुठंच नाही."

"वहिनी, आकाश तर दिसते! तुमचा जुना भाग म्हणजे गुढियारीची गल्ली. एका पोत्याच्या मागं दुसरं पोतं."

"पण गल्ली कुठं तरी नेते ना!"

असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण मी वाहवले. घरच्या व्हॉट्सॲप गटावर मी एक लांबलचक निबंध टाकला. वाट नसेल तर प्रवास कसला, अंधार नसेल तर कंदील कसला, आणि मोकळ्या रानात फिरते ती आपली पोरगी नाही, टुरिस्ट आहे, वगैरे. स्वतःवर इतकी खूश होते, की पाठवून पुन्हा तीनदा वाचला. भाऊजींचं उत्तर एका ओळीचं आलं.

"वहिनी, तुम्ही खेळल्याच कुठं? तुम्ही तर फक्त बटनं दाबत होत्या."

खाली एक हसरा चेहरा होता. मला तो दिसला नाही, किंवा दिसूनही उपयोग नव्हता. त्या दुपारी मी केवळ एक उसना हात असेन, तर मग त्या घरात मी आले कुठल्या दाराने? मी उत्तर दिलं नाही. त्यांनीही पुढे लिहिलं नाही. पुढचं वर्षभर निरोप नवऱ्यामार्फत. "वहिनीले सांग," "भाऊजीले विचारा." नवरा म्हणायचा, "एका कार्टूनपायी मले पोस्टमन बनवून ठेवलं तुम्ही." सासूबाई असत्या तर खुर्ची ओढून बसल्या असत्या. त्या आता नव्हत्या.

मागच्या दिवाळीला भाऊजी मुलीला घेऊन आले. ही माझी पुतणी दहावीत. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत देते. मी चकल्या वाढल्या, त्यांनी "छान झाल्या" म्हटलं, ते चकल्यांना. पाडव्याच्या दुपारी पुतणीने सोबत आणलेलं खेळाचं यंत्र आमच्या टीव्हीला जोडलं आणि नवा भाग लावला.

"मोठी आई, आप खेलो ना. पापा बोलते हैं आप एक्सपर्ट हो."

पापा काय बोलतात याचं नवल वाटून मी तो कंट्रोलर हातात घेतला. पोरगी चालायला लागली आणि चालतच राहिली, नजर जमिनीवर. मला फक्त गवत दिसत होतं आणि तिचे बूट.

"आप नीचे क्यों देख रही हो?"

"मी नाही पाहत, तीच पाहते."

"अरे, दूसरे अंगूठे से ऊपर देखो!"

अंगठा हलवला. आता नुसतं आकाश. पोरगी आकाशाकडे बघत नदीत शिरली. भाऊजी कोचावर बसून खिडकीबाहेर बघत होते, हसू दाबत. पुतणी चिवट, तिने जुना भाग लावला आणि कंट्रोलर बापाच्या हातात दिला. भाऊजींनी गुहेत मान सगळीकडे सुरेख फिरवली. छत, भिंती, कोपरे. मग पाऊल टाकलं आणि पहिल्याच खड्ड्यात पडले. पुन्हा पडले. तिसऱ्यांदा उडी मारायच्या आधीच पडले.

पुतणी आळीपाळीने आमच्याकडे बघत राहिली.

"एक मिनट. पापा को चलना नहीं आता, आपको देखना नहीं आता. इसीलिए इनको नया वाला अच्छा लगता है और आपको पुराना? और आप लोग सालभर से इसपे लड़ रहे हो?"

कूलर नव्हता, दिवाळीची गार दुपार होती, तरी मला कुठूनतरी पाणी ठिबकल्यासारखं वाटलं. जुन्या भागात गुहा अरुंद, बघायला फारसं नाहीच. सगळा खेळ पायांचा. नव्या भागात पाय आपोआप चढतात, उतरतात. सगळा खेळ डोळ्यांचा. आत्मा, श्वास, वाट, आकाश, माझा तो निबंध. सगळं ज्याच्या-त्याच्या हाताला जे वळण पडलं होतं, तेवढंच.

भाऊजींनी कंट्रोलर खाली ठेवला. मग म्हणाले, "मले एकट्याले कधीच जमलं नाही, वहिनी. तुम्ही आल्या नसत्या, तर मी त्या पहिल्या खड्ड्यातच होतो. प्लॅस्टर निघाल्यावर एकदा पाहिलं होतं खेळून. म्हणून तर कीबोर्ड सरकवला तुमच्याकडं."

मी चकलीचा डबा उघडला, बंद केला.

"हव, पर अब खेलो," पुतणी म्हणाली. 'हव', म्हणजे 'हो', हे ती तीन दिवसांत शेजारच्या पोरांकडून शिकली होती. तिने आम्हाला कोचावर शेजारी शेजारी बसवलं आणि एकच कंट्रोलर दोघांच्या मध्ये धरायला लावला. डावी बाजू माझी, चालायची. उजवी भाऊजींची, बघायची.

नवा भाग. मोकळं रान. मी चार पावलं टाकली आणि थांबले, कारण भाऊजींनी पोरीची मान हळूहळू फिरवायला सुरुवात केली होती. डोंगर सरकत गेला, मग नदी, मग पिवळं गवत, त्यावरून जाणारी ढगाची सावली. इतकं सगळं तिथे होतं. मी इतकी वर्षं बूट बघत होते.

"दिसते का आकाश?" भाऊजींनी विचारलं.

"दिसते. पण ती फट पाहा, डोंगराच्या पायथ्याशी. आत अंधार आहे."

"तुम्हाले बरोब्बर गल्लीच सापडली."

"चालू का?"

"चाला. मी आहे न."

आत शिरलो. उजेड वीतभर झाला. मी उडी मारली, भाऊजी अजून मागचं आकाश बघत होते, आणि पोरगी धाडकन खाली गेली.

"वर नाही, खाली पाहा म्हणते ना मी!" मी ओरडले.

नवरा आतून कप घेऊन आला. "काय झालं?"

"वहिनीनं पाडलं," भाऊजी म्हणाले.

"मी? यांचे डोळे कुठं होते ते विचारा!"

"तूच विचार त्याले," नवरा म्हणाला, आणि कप घेऊन दुसऱ्या खोलीत निघून गेला.