वाकड्या मानेचा मोर

प्रिय ईशान आणि रेवा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशानने विचारलं, "आजी, हे सगळं जग कुणाच्या तरी कॉम्प्युटरमध्ये चाललेलं असेल तर?" बाबांनी त्याला जेवायला पिटाळलं आणि उत्तर राहून गेलं. ते आज लिहिते, कारण या विषयातले सोलापूरचे सगळ्यात मोठे जाणकार काल मुलाबरोबर हैदराबादला राहायला गेले. आपल्या खालच्या मजल्यावरचे काका. तुमचे बाबा त्यांना काका म्हणत, म्हणून मीही. या जगावर काकांइतका संशय आजवर कुणी घेतला नसेल.

उन्हाळ्यात तुम्ही येता तेव्हा जिन्यात उभे राहून चहा पिणारे ते हेच. काका बसत नसत. सगळा जन्म भवानी पेठेतल्या चादरींच्या कारखान्यात विणायच्या मागापुढे उभं राहण्यात गेला. मग जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, सोफाही घेतला, पण त्यावर बसायची पाहुणेमंडळी. हे कप घेऊन गॅलरीत, गॅलरीतून जिन्यात, जिन्यातून फाटकापर्यंत. फाटकाशी उभे राहून जग तपासायचं. तीच पांढरी स्कूटर दोनदा गेली की यांचे डोळे बारीक. तारेवर कावळे कालच्यासारखेच बसले की मला हाक, "वहिनी, बघा की! तेच कावळे." मी इंग्रजी शिकलेली, शिस्तीची बाई. कावळे सारखेच दिसतात, असं मी म्हणे. "दिसत न्हाईत, दाखवत्यात," काका म्हणत. एकदा त्यांनी भाजीवाल्याला धरलं, "काल तू हेच बोलला होतास. शब्द न शब्द." तो म्हणाला, "काका, रोज भेंडीच विकतो की. तिच्याबद्दल नवीन काय बोलू?"

जग कॉम्प्युटरमधलं असल्याचं हे खूळ आलं मोबाइलमधून, पण डोक्यात त्याला जागा आधीच तयार होती. काकांच्या मागावर नक्षी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरून उतरायची. पट्ट्यांना भोकं पाडतात, त्या दोऱ्याने ओवून लांब माळ करतात आणि माळ मागावर फिरत राहते. भोकांप्रमाणे धागे उचलले जातात आणि खाली चादरीवर मोर उमटतो. "मोराला वाटतं आपण लई मोठे मोर हाय," काका म्हणत. "त्याला काय ठाऊक, वर पट्टी फिरतीया." त्यांची कसोटीही मागावरचीच. धागा तुटला तर चूक एकदाच येते. पट्टी चुकली तर प्रत्येक चादरीत, त्याच जागी. म्हणून ते जगात पुन्हा पुन्हा येणारी चूक शोधत. नळाला पाणी ठरल्या दिवशी कधीच येत नाही, हा पुरावा त्यांनी पुष्कळ दिवस पुरवला.

काकू मात्र या सगळ्याला दाद देत नसत. "कॉम्प्युटर कुणाचा का असंना, गिरणीतनं पीठ तुम्हालाच आणायचंय," म्हणून हातात डबा. लग्नानंतर त्या घरी बसून याच पट्ट्या ओवत. एकदा नव्या मोराच्या दोन चादरी नमुन्याला विणल्या, मालकाला मोरच आवडला नाही आणि दोन्ही काकांना मिळाल्या. एक त्यांनी स्वतः विणली होती, तिच्यात मोराची मान वाकडी. काका म्हणत, "पट्ट्या हिनं उलट्या ओवल्या." काकू म्हणत, "मी डोळे झाकून ओवते. तुमचाच धागा तुटला." दुसरी चादर त्याच पट्ट्यांवर दुसऱ्या पाळीच्या माणसाने विणलेली. ती बघितली असती तर निकाल लागला असता, पण काका घडी उघडण्याआधीच ती माहेरी देऊन टाकली, असं काकू सांगत. संसारभर हे भांडण पुरलं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. तेव्हापासून काकांचं फिरणं वाढलं, हाका बंद झाल्या. कावळ्यांकडे ते बघेनात. परवा मुलगा सामान बांधत होता तेव्हा वर आले आणि दारातच म्हणाले, "वहिनी, ती गेली हे धाग्यातलं का पट्टीतलं? पट्टीतलं असंल तर माळ फिरून येती. ती बी येईल. धाग्यातलं असंल तर झालं, संपलं." मी त्यांना आत बोलावलं. ते पुढे म्हणाले, "ती दुसरी चादर तरी बघायची होती. तिच्या माहेरी जाऊन आलो. कुणाला ठाऊकच न्हाय."

"मोराची?" मी म्हटलं. "ती माझ्याकडे आहे. काकूंनी आमच्या वास्तुशांतीला दिली. पाहुण्यांसाठी ठेवा, घडी मोडू नका, असं बजावलं होतं. माहेरी गेली ती वेगळीच, असं मी समजत होते."

पाहुण्यांची म्हणून ठेवलेली चादर आपल्याकडे कधीच निघत नाही. ती कपाटातून काढली, पलंगावर पसरली. मोर तोच, मानही तिथेच, तशीच वाकडी.

"लबाड! पट्ट्या उलट्याच ओवल्या!" काका ओरडले. "म्हणून तुम्हाला देऊन टाकली!" ते हसले, हसता हसता डोळे पुसले आणि माझ्या पलंगाच्या कडेवर चक्क बसले. बसूनच चहा प्यायले. बोटाने मोराची मान चाचपत राहिले.

मी विचारलं, "मग जग कॉम्प्युटरमधलं आहे की नाही?"

"असंल न्हाय तर नसंल," ते म्हणाले. "ही चूक तिची हाय, एवढं पक्कं."

चादर घेऊन जा म्हटलं, तर ऐकेनात. "तिनं तुम्हाला दिलीया."

ईशान, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला अजून ठाऊक नाही. खाली कुलूप आहे, फाटकाशी कुणी नाही. चादर मी तुमच्या खोलीतल्या पलंगावर घातली आहे. मोराची मान वाकडीच आहे.