न फिरणाऱ्या खुर्च्या

डोंगरातल्या त्या जमातीचा कारभार सरकार यायच्या आधीपासून सभेत चाले, आणि सभा चाले ती सुतारकाकांच्या घराण्याने केलेल्या स्टुलांवर. रीत साधी. सगळ्यांनी गोल बसायचं. ज्याला निर्णय पटला नाही त्याने स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करायचं. एक जरी पाठ दिसली तरी निर्णय नाही. मग समजूत घाला, भांडा, हातापाया पडा; ते स्टूल आत वळेपर्यंत कुणी उठायचं नाही.

एकदा काकांनीच झऱ्यावरचं जुनं झाड तोडायला मागितलं. सगळे हो म्हणाले आणि पाठ फिरवली ती त्यांच्याच बायकोने! काकांनी गोड बोलून पाहिलं, आवाज चढवून पाहिला. शेवटी भिंतीकडूनच उत्तर आलं, "घरी जेवायचंय ना? मग झाड सोडा." सभा हसून लोटपोट झाली. झाड वाचलं. ती मात्र पुढे आजारपणात गेली. आजही ते झाड दिसलं की काकांना तिची पाठ आठवते.

पुढे सरकारने सभेला कायद्याने मान्यता दिली, वर सभागृहही बांधून दिलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण हे चटकन झालं. तेव्हाच शंका यायला हवी होती. खुर्च्या बोल्टने जमिनीत बसवायचं काम काकांनाच मिळालं. त्यांनी हौसेने एकेक खुर्ची अशी आवळली की हत्तीलाही हलवता येऊ नये. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला, हे कळलं पहिल्या सभेत.

विषय होता झऱ्यामागचं रान खाणीला द्यायचा. अधिकारी म्हणाले, "पटतंय त्यांनी हात वर करा. बहुमत झालं की मंजूर." नोकरीच्या आशेने बरेच हात वर गेले. लेकाला काम मिळेल म्हणून काकांच्या मेव्हणीचाही गेला. काका सवयीने भिंतीकडे वळायला गेले; खुर्ची कसली फिरतेय!

ते उठले, खिशातला पाना काढला आणि खाली बसून बोल्ट सोडवू लागले.

"अहो, सरकारी मालमत्ता आहे ती!"

"खुर्ची तुमचीच, साहेब. पाठ माझी आहे."

खुर्ची भिंतीकडे वळवून काका बसले.

"एका माणसाने काही अडत नाही," अधिकारी म्हणाले. "चला, पुढचा विषय."

मेव्हणीचा हात खाली आला. "अडतं, साहेब. आमच्या ताईने अडवलं होतं." मग ती काकांकडे वळली. "भावजी, तो पाना जरा इकडे द्या."